पुरांचं कपाट

"डोळे मिटा, ताई. मिटा म्हणते ना!"

सुगंधाने मला उंबऱ्यावरच अडवलं. तिच्या हातांना चिंचेचा वास येत होता. बोटांची टोकं पाण्यात राहून सुरकुतली होती, जशी माझी हल्ली रोजच सुरकुतलेली असायची, रेवाची दुपटी धुऊन धुऊन. रेवा माझ्या खांद्यावर झोपलेली. मी डोळे मिटले. सुगंधाने माझं कोपर धरलं आणि मला आत नेलं.

"सावकाश. हितं पाट हाय. आता उघडा."

बाटल्या चमकत होत्या.

टेबलावर, पाटांवर, जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर, सगळीकडे बाटल्या. प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूचं एकेक फूल, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट. नदीकडच्या खिडकीतून ऊन आत येत होतं, काचांतून आरपार जात होतं आणि समोरच्या भिंतीवर त्याचे लहान लहान गोल थरथरत होते. मला आजही आठवतं, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की किती सुंदर दिसतंय. मग कळलं, की मला बाटल्यांमधून पलीकडची भिंत दिसते आहे.

"कशा झाल्यात?" सुगंधाने विचारलं.

मी कपाटाकडे पाहिलं. दारं उघडी होती. फळ्या पुसून घेतलेल्या, कोरड्या, रिकाम्या.

"सुगंधा," मी म्हटलं, "यातलं कुठे आहे?"

"काय यातलं?"

"गाळ. यातला गाळ."

ती हसली. "तो होय? नदीतला नदीत सोडला, ताई. पाया पडून सोडला."

सावरी नदीच्या जुन्या पुलाशी, पालेकोंड गावात, ते जलमापन केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक पडवी आणि नदीत उतरत गेलेली लोखंडी शिडी. सुगंधाचे वडील, रावजी भुवड, तिथे तरुणपणी लागले ते तिथेच म्हातारे झाले. पावसाळ्यात पुलावर जायचं, लोखंडी पिंजऱ्यात बाटली बसवायची, दोराने नदीत सोडायची. वर आलेल्या पाण्यातला गाळ खाली बसू द्यायचा, तो वाळवायचा, वजन करायचं आणि वजनाचा आकडा वरच्या कार्यालयाला कळवायचा. एवढं झालं की तो गाळ टाकून द्यायचा, असाच सगळीकडचा नियम. पण या केंद्राच्या पहिल्या अधिकाऱ्याला एक खोड होती. दर वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पुरातली एक जादा बाटली तो तशीच ठेवायचा. बुचावर लाख ओतायची, चिठ्ठी चिकटवायची आणि कपाटात मांडायची. अधिकारी बदलून गेला, खोड मागे राहिली. रावजीकाकांनी ती चालवली. गावात त्याला म्हणायचे पुरांचं कपाट.

आकडे सांगतात नदीने किती माती नेली. कुठली नेली, ते माती सांगते. वरच्या डोंगरांवर तेव्हा कुठली झाडं होती, ती कधी गेली, कुठला उतार कधी उघडा पडला, हे सगळं त्या बाटल्यांच्या तळाशी थरांनी बसून होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं. केंद्र बंद होणार आणि खोली रिकामी करणार, हे कळल्यावर आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेने धावाधाव करून त्या बाटल्या मागून घेतल्या, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी रेवाला घेऊन गावात खोली केली. चिठ्ठ्या वाचल्या, फोटो काढले, पुसट झालेली अक्षरं नव्याने लिहिली. आतल्या गाळाला मात्र बोट लावलं नव्हतं. लाख पुण्यातच फोडायची, असं तिथल्या आमच्या सरांनी बजावलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती.

आणि आज खंडेनवमी होती.

"ताई, असं काय बघताय? बसा ना." सुगंधाचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. "दर खंडेनवमीला बाबा सगळी हत्यारं धुतात. दोर, पिंजरा, पावसाचं माप, कंदील. लहानपणी मी पन यायची धुवायला. ह्या तेवढ्या बाटल्यांना कधी हात लावू द्यायचे न्हाईत. म्हनायचे, तुझ्या हातनं फुटतील. आता म्हटलं शेवटची खंडेनवमी बाबांची. केंद्र बंद होनार. बाटल्या पुन्याला जानार, लोक बघनार. अशा मळकट जाऊ द्यायच्या?"

"अगं पण..."

"आनि परवा तो साहेब काय बोलला, ऐकलंत ना तुम्ही?"

ऐकलं होतं. खोलीचा ताबा घ्यायला आलेल्या साहेबाने कपाट उघडून बघितलं होतं, नाकाला रुमाल लावला होता आणि म्हणाला होता, "भुवड, नदी मोजायला ठेवलं होतं तुम्हाला. तुम्ही चिखलाचं लोणचं घालून ठेवलंत?" सोबतचे दोघं हसले होते. काका पण कसनुसं हसले होते. सुगंधा नवरात्राला चिपळूणकडच्या सासरहून माहेरी आली होती. चहाचा ट्रे घेऊन ती दारातच उभी होती. तिच्या हातातल्या कपांचा आवाज झालेला मला आठवतो.

"काल दुपारपासनं बसलेय घाटावर," ती म्हणाली. "लाख काय निघते लवकर? कोयत्याच्या टोकानं काढली. मग राख, चिंच, नारळाची शेंडी. चिठ्ठ्या तर चिकटून बसलेल्या, त्या भिजवून भिजवून सोडवल्या. एक बाटली फुटली न्हाय, ताई. एक पन न्हाय."

रेवा जागी झाली होती, रडत होती, आणि ती माझ्याच खांद्यावर रडते आहे हे मला सुगंधाने तिला उचलून घेईपर्यंत कळलं नाही.

"अगं, काय केलंस तू हे!"

मी ओरडले नव्हते. पण सुगंधा ओरडल्यासारखी दचकली.

"काय केलं?" तिने रेवाला छातीशी घट्ट धरलं. "काय केलं मी? ताई?"

मी सांगायला लागले. तीन वाक्यांत संपलं. बाटल्या महत्त्वाच्या नव्हत्या. बाटल्या कुठेही मिळतात. जे सोडून दिलंस तेच न्यायचं होतं.

सुगंधा ऐकत होती. मग तिने खिडकीतून घाटाकडे पाहिलं. काल सोडलेलं आज तिथे असेल, जाऊन परत भरून आणता येईल, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. नदी आश्विनातली होती, नितळ. तळाचे गोटे दिसत होते.

तेवढ्यात पडवीत चपला वाजल्या. रावजीकाका पूजेसाठी भाताच्या लोंब्या आणि आंब्याचे डहाळे घेऊन आले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. दारातून आत आले आणि थांबले.

लोंब्या हळूच टेबलाच्या कडेला ठेवल्या. जवळची एक बाटली उचलली आणि खिडकीकडे धरली. ऊन तिच्यातून त्यांच्या तोंडावर पडलं.

"आरपार दिसतंय," ते म्हणाले.

"बाबा..."

"ही कुठली गो?" त्यांनी बाटली फिरवली. चिठ्ठीच्या जागी हात लावला. मग दुसरी उचलली. "आनि ही?"

काकांनी तिसरीला हात लावलाच नाही. ते खाली चादरीच्या कडेला बसले, बाटल्यांच्या रांगेत, गुडघे वर करून. पूजेला मांडलेल्या वस्तूंमधलीच एक वस्तू असल्यासारखे.

"बाबा, मारा मला," सुगंधा म्हणाली. "काय तरी बोला. शिव्या द्या."

"तुला कशाला मारू, बाय?"

"मला वाटलं तुमचं नाव होईल. मला वाटलं तो साहेब..." पुढचं रडण्यात गेलं. रेवा तिच्या कडेवर गप्प होऊन तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला लागली होती. मी पुढे होऊन रेवाला घेतलं आणि आढ्याला बांधलेल्या झोळीत ठेवलं. दुसरं काय करावं, मला सुचत नव्हतं.

ती झोळी काकांनीच बांधून दिली होती. मी पहिल्या दिवशी रेवाला घेऊन इथे आले, तेव्हा सुगंधा म्हणाली होती, "आत्याकडं पाळना हाय लाकडाचा, तो आनते की." आणि एरवी कधी आवाज न चढवणारे काका एकदम खेकसले होते, "पाळना न्हाय आनायचा हितं!" मग स्वतःच ओशाळून त्यांनी जुनं लुगडं शोधून ही झोळी बांधली होती. मला वाटलं होतं, खोली लहान आहे, अडचण होत असेल.

झोळीला झोका देता देता माझी नजर कपाटाकडे गेली. मधल्या फळीवर एक जागा आधीपासूनच मोकळी होती. त्र्याऐंशीची. मी काकांना त्याबद्दल दोनतीनदा विचारलं होतं, कारण सगळ्यात मोठा पूर त्याच वर्षीचा. "फुटली ती," एवढंच ते म्हणायचे आणि उठून कशाला तरी जायचे. आता सगळं कपाटच मोकळं होतं. त्या एका रिकाम्या जागेला शेजारी मिळाले होते.

"काका," मी म्हटलं, "सरांना फोन करायला हवा. गाडी येऊ नका म्हणून."

ते उठले. मला वाटलं, आता पडवीत जाऊन बसतील. पण ते बाहेर पडून समोरची पायवाट चढायला लागले. वर त्यांचं घर होतं, केंद्रापासून हाकेच्या अंतरावर.

"बाबा कुटं चालले?" सुगंधा घाबरली. "ताई, बाबा कुटं चालले?"

आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. मी एक हात मागे झोळीच्या दोरीवर ठेवला होता. काकांना यायला वेळ लागला नसेल, पण मला तो फार वाटला. ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत लाल खणात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि खांद्यावरच्या पंच्यात पूजेची पळी खोचलेली होती.

सुगंधाने खण ओळखला. "ही तर देव्हाऱ्यातली. गंगा ना ही? आजाने काशीहून आनलेली?"

"तुला तसं सांगितलं," काका म्हणाले.

त्यांनी खण सोडला. आत बाटली होती. कपाटातल्यासारखीच, बुचावर लाख असलेली. वर पाणी नितळलेलं. खाली जाड लालसर थर. चिठ्ठी नव्हती.

मला काय समोर आहे ते कळलं आणि माझा हात झोळीवरून सुटला.

"फुटली न्हवती, बाय," काका मला म्हणाले. पण सांगत होते ते मला नाही, सुगंधाला. तिच्याकडे न बघता. "आपला कोंड, सगळी वाडी, तेव्हा पुलाच्या वरल्या अंगाला होता, नदीच्या काठाला. मी पुलावर. पाऊस असा की हात दिसेना. आधी लावनी केलेली रोपं आली, मुळासकट. मग वासे. कौलं येत न्हाईत, ती बुडतात. मग भाताची कनगी आली आपली. मी ओळखली, बांधताना मीच एका बाजूनं हिरवी कामटी घातलेली. म्हटलं, गेलं घर."

त्यांनी बाटलीवर हात फिरवला.

"मग पाळना आला."

सुगंधा हलली नाही.

"तुझ्या आयेची गोधडी बांधलेली होती त्याला, झालर असलेली. पानी त्याला गोल गोल फिरवत होतं. आत काय हाय ते दिसेना. पुलाखालनं गेला. तू म्हैन्याची पन न्हवतीस."

"बाबा..."

"उडी टाकायचं मनात आलं न्हाय, असं न्हाय. पाय उचलंना. आनि मापाची वेळ झालेली. हातानं पिंजऱ्यात बाटली घातली. दोर सोडला. वर घेतली. बूच लावलं. हातच करत होता सगळं. मी तिथं न्हवतोच."

खोलीत फक्त झोळीचा दोर आढ्यावर घासत होता, कर्र, कर्र.

"मग बाटली सदऱ्यात घातली. म्हटलं, पुरायला तरी काय मिळनार? एवढं असू दे. यात असंल ती."

सुगंधाच्या घशातून एक आवाज निघाला. तो मी आयुष्यात पुन्हा ऐकलेला नाही. ती खाली बसली.

"सांजच्याला देवळाच्या सहाणेवर, उंच चौथऱ्यावर, गेलो," काका म्हणाले, "सगळी लोकं तिथं चढलेली. बघतो तर तुझी आय तुला पाजत बसलेली. मला बघून म्हनते कशी, इतका उशीर का केलात? कपडे बदला आधी." त्यांना हसू आलं आणि ते लगेच मोडलं. "तिला मी कधी सांगितलं न्हाय. पन बाटली काय कपाटात ठेववंना. फुटली म्हनून कळवलं. देव्हाऱ्यात ठेवली. रोज सकाळी बघायचं. पानी वर, माती खाली. तू रांगायला लागलीस, शाळंत गेलीस, लगीन झालं. मी बघायचा आनि म्हनायचा, न्हाय, यात न्हाय ती. भायेर हाय."

सुगंधाने हात पुढे केला. काकांनी बाटली तिच्या हातात दिली. तिला ती धरता येईना, दोन्ही हात थरथरत होते. आणि त्या थरथरीने खालचा थर हलला. एक लाल धागा वर चढला, मग दुसरा. बघता बघता सगळी बाटली गढूळ झाली. काठोकाठ. आम्ही तिघंही त्या पाण्याकडे बघत होतो. मला त्यात वासे दिसले, रोपं दिसली. आता बाटलीच्या काचेला आतून काहीतरी येऊन टेकेल, असं वाटून मी मागे सरले आणि झोळीत हात घालून रेवाचा पाय घट्ट धरला. ती झोपेतच कुरकुरली.

"घेवा, बाय," काका म्हणाले. "एकच उरली. न्या पुन्याला."

"नाही," मी म्हटलं.

"न्या. तुमचं काम होईल."

"काका, ही मी कशी नेऊ?"

"कपाटातलीच हाय ती. मी चोरलेली."

मी सुगंधाकडे पाहिलं. तिने बाटली पोटाशी धरली होती. डोळे लाल होते, पण रडत नव्हती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "सगळी लागते?"

आणि तेव्हा मला सुचलं, इतकं साधं, की इतका वेळ ते का सुचलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं. "नाही गं. चमचाभर पुरते."

आम्ही माती परत खाली बसायची वाट बघितली. तोवर काकांनी पूजा केली, दोराची, पिंजऱ्याची, पावसाच्या मापाची. रिकाम्या बाटल्यांनाही त्यांनी अक्षता वाहिल्या, एकेकीला. सुगंधाने घरून आणलेला नैवेद्य दाखवला. मग काकांनी स्वतः कोयत्याच्या टोकाने लाख फोडली, बूच काढलं, वरचं पाणी हळूच ओतून काढलं आणि पळी आत घातली.

"कशात घेता?" त्यांनी विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. सुगंधाने पाटावरची एक बाटली उचलली, तिच्या गळ्यातलं झेंडूचं फूल काढलं, पदराने आतून पुन्हा एकदा पुसली आणि पुढे केली.

"ही स्वच्छ हाय," ती म्हणाली.

पुण्यात त्या पळीभर मातीचं काय काय झालं, ते लांबलचक आहे. सर आधी माझ्यावर खूप चिडले, मग खुर्चीत बसून राहिले, मग त्यांनी ती माती स्वतःच्या हाताने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाकीची सगळी वर्षं गेली ती गेलीच. ती कुठूनही परत येणार नाहीत. नुसते आकडे राहिले, किती ते सांगणारे. पण त्या एका वर्षाबद्दल आम्हाला जे कळलं, ते मी काकांना फोनवर वाचून दाखवलं. वरच्या डोंगरावर तेव्हा दाट रान होतं, किंजळ होता, हिरडा होता, आईन होता. त्या सगळ्यांचे पराग सापडले. आज तिथे त्यांतलं एकही झाड नाही.

"होतं तर," काका म्हणाले. "आमी शिकारीला जायचो." मग, "आनि घरातलं काय गावलं?"

मी कागद पुन्हा पाहिला. "भाताचं तूस आहे, काका. थोडं भाजलेलं. आणि सारवलेल्या जमिनीचे कण."

"ते चुलीपुढचं," ते म्हणाले.

काका आता नाहीत. केंद्राच्या खोलीला कुलूप आहे, आणि पुलावर कोणी माप घेत नाही. काका गेल्यापासून सुगंधा माहेरच्या घरात राहायला आली आहे. पहिल्या वर्षी तिने काही न विचारता, न कळवता पार्सल पाठवलं. मग दर वर्षी दसऱ्याच्या आधी एसटीने माझ्या नावावर एक पार्सल येतं. जुन्या वर्तमानपत्रांत, पेंढ्यात गुंडाळलेली बाटली. कधी लोणच्याची बरणी, कधी सरबताची. पाणी वर, माती खाली, बुचावर लाख. बाहेरून कुंकवाचं बोट.

रेवा आता वाचायला शिकली आहे. पार्सल सोडायचं काम तिचं. यंदाची बाटली तिने दोन्ही हातांनी धरली, अजिबात न हलवता, आणि सुगंधाची गोल गोल अक्षरं बोट ठेवून मोठ्याने वाचली. आधी साल. मग सावरी, जुना पूल. आणि त्याखाली, लाल पेनाने, दोन रेघा मारून:

"धु-वू न-ये."